पाळकाच्या नावाची मूठ

घर आवरायला काढलं की आपला पसारा किती ते कळतं, असं म्हणतात. मनुबाईंना उलटंच कळलं. तीस वर्षं खडकवाडीच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकाच्या घरात संसार करून त्यांचं स्वतःचं निघालं काय, तर दोन ट्रंका, गोधड्यांचा गठ्ठा, नवऱ्याच्या, नाथाजींच्या, पुस्तकांची पेटी आणि एक पितळी हंडा, तोही माहेरचा. बाकी घर मंडळीचं, खाट मंडळीची, जातं मंडळीचं. परसातला शेवगा तेवढा त्यांनी हातानं लावलेला, पण शेवगा काय ट्रंकेत घालून मिरजेला नेता येतो?

रविवारी देवळात निरोप द्यायचा आणि सोमवारी रहिमतपूरच्या स्टेशनावर दुपारच्या गाडीत बसवून द्यायचं, असं मंडळीच्या पंचांनी ठरवून टाकलं होतं. मिरजेला मुलगा दादासो दवाखान्यात कंपाउंडर होता. त्यानं दोन खोल्या घेऊन ठेवल्या होत्या आणि "आता तरी या" म्हणून सांगावे धाडून धाडून तो थकला होता. लढाई संपली, पलटणीतली पोरं घरी आली, घासलेटसुद्धा अधूनमधून दिसायला लागलं, पण नाथाजी होवाळ काही उठत नव्हते. शेवटी डोळ्यांनी दगा दिला. पवित्र शास्त्र वाचताना ओळ सुटायला लागली, तेव्हा त्यांनी आपणहून मंडळीला सांगितलं की आता नवा माणूस बोलवा.

नवा माणूस बोलावला आणि तिथंच माशी शिंकली. नाथाजींचा धाकटा भाऊ नानासो स्वतः पंच. त्याचा मुलगा बाळासो पाळकपणाचं शिकून बसलेला. होवाळांच्या घरात आकारामबाबांनी पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतला, त्यांचा नाथाजी पाळक झाला, आता नातवानं व्हायचं, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पण बैठकीत पाळकपदाचं पाचारण कुणाला द्यायचं असा प्रश्न निघाला तेव्हा नाथाजी पुतण्यासाठी एक शब्द बोलले नाहीत. मतं पडली ती जतकडच्या सिद्धू कोळेकराला. धनगराचं पोर, बोलण्यात निम्मी कानडी. बाळासो रागानं पुण्याला निघून गेला आणि खडकीच्या कारखान्यात कारकून झाला. तेव्हापासून त्याची आई राहीबाई थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर जास्तच पुढं ओढून घ्यायची. होवाळांच्यात भांडण असं होत नाही, मान वाढतो.

शनिवारी दुपारी हीच राहीबाई पाच-सहा बायका घेऊन मनुबाईंच्या दारात आली. प्रत्येकीच्या डोक्यावर गाडगं होतं.

खडकवाडीच्या ख्रिस्ती घरातली बाई पहाटे दळायला बसली, की आधी एक मूठ धान्य बाजूच्या गाडग्यात टाकते आणि म्हणते, "पाळकाच्या नावाची." शनिवारी ती गाडगी पाळकाच्या घरी रिकामी होतात. ज्याच्याकडं जोंधळा त्याचा जोंधळा, ज्याच्याकडं बाजरी त्याची बाजरी, वाईट वर्षात मका आणि हुलगासुद्धा. असल्या घरोघरच्या पिठाची भाकरी धड पांढरी होत नाही की धड काळी. थापताना तुटते. नवी नवरी होऊन आल्या तेव्हा मनुबाई या पिठापायी चुलीपुढं रडल्या होत्या. आता त्यांना दुसरी भाकरी गोड लागत नव्हती.

"अगं, एवढी कशाला?" मनुबाई म्हणाल्या. "परवा जायचं आमाला. कणगीवर झाकण बसंना आता."

"बसंल की. न्हाई बसलं तर दुसरी कनगी आनू," राहीबाई म्हणाली. बायका गाडगी रिकामी करून, मनुबाईंच्या पाया पडून, डोळे पुसत गेल्या. राहीबाई मात्र भिंतीला टेकून बसली. "बाई, एक इचारू? मिरजंला जाऊन करनार काय तुमी?"

"काय करायचं. बसायचं."

"दोन खोल्यांत? खाली रस्ता, वर पत्रा. पानी नळाचं, तेबी दुसऱ्याच्या हातात. शेजारीण कोन, कुटली, ठाव न्हाई. आमची मागची खोली रिकामीच हाय. ह्येंनी काल चुना मारून घेतलाय. तुमी हितंच ऱ्हावा."

मनुबाई सांडलेले दाणे वेचायला लागल्या. हेच त्या महिनाभर मनात घोळवत होत्या आणि नवऱ्याला सांगायची सोय नव्हती. त्यांना जायचं नव्हतं. सकाळी उठून देवळाची घंटा ऐकायची, ओढ्यावर जाताना चार दारांत थांबायचं, कुणाचं बाळंतपण, कुणाचं पोर तापलेलं, हे सोडून त्या कुठं जाणार होत्या? एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला हे कळू दिलं नव्हतं, पण पाळकीणबाई अशी कुणी हाक मारली की त्यांना अजून बरं वाटायचं.

"ह्यांना कोण सांगणार?" त्या म्हणाल्या.

"उद्या देवळात आमचं ह्ये सांगत्यात की, सगळ्यांच्या म्होरं. भाऊजी मंडळीचा सबूद मोडनार न्हाईत."

इतक्यात दारात सावली पडली. नव्या पाळकाची बायको सुला उभी होती. घर मोकळं होईपर्यंत ती दोघं शाळेच्या खोलीत राहत होती. हातात परात, आणि चेहऱ्यावर मागायला आलेल्या माणसाचं कसनुसं हसू.

"अव्वा, थोडं पीठ उसनं मिळंल? गावाकडनं आणलेलं सरलं," ती म्हणाली. मग तिनं साधेपणानं विचारलं, "हितं मूठ कुठल्या वारी देत्यात?"

मनुबाईंनी राहीबाईकडं पाहिलं. राहीबाई आढ्याकडं पाहत होती.

"शनिवारी," मनुबाई म्हणाल्या. त्यांनी परात घेतली आणि शिगोशीग पीठ भरून दिलं. सुला "उपकार झालं" म्हणून गेली.

"तिच्याकडं एकीनंबी मूठ दिली न्हाई?"

"मीच सांगितलं बायकांना," राहीबाई म्हणाली. "आमची पाळकीनबाई हाय तवर मूठ तितंच जानार. त्यात काय चुकलं? दोन पाळकांना दोन मुठी कुटनं आनायच्या? कट्टाळून जातील आपल्या गावाला. मग माझ्या बाळासोला बोलवत्याल."

मनुबाईंच्या तोंडाशी चार शब्द आले. पण चुना मारलेली ती मागची खोली त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. त्यांनी कणगीवर झाकण दाबून बसवलं, वर पाटा ठेवला आणि त्या विषयावर काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी नाथाजी आले तेव्हाही बोलल्या नाहीत.

बायका आल्या तेव्हा नाथाजी कोंडीबाकडं गेले होते. कोंडीबा हा देवळातला गाणारा. देवळात बाजाची पेटी नव्हती तेव्हापासून तो गीत धरायचा आणि मंडळी त्याच्या मागं जायची. आता दम्यानं त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. बायको दगडाबाई पायथ्याशी बसून तळवे चोळत होती. नाथाजींबरोबर सिद्धूही होता, दाराजवळ, अंग चोरून बसलेला.

"जातासा म्हनं," कोंडीबा म्हणाला.

"सोमवारी."

"माजं तवर उरकलं तर बरं व्हईल." तो हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती बसल्यावर त्यानं नाथाजींचं मनगट धरलं. "नाथाजी, तुमच्या पोरीच्या मातीला गीत मी धरलं व्हतं. आठवतंय?"

नाथाजींनी मान हलवली. न आठवायला काय झालं.

"मग माझी माती तुमी द्यायची. दुसरं कोन नगं. सबूद द्या."

सिद्धू दाराजवळच बसला होता. आता इथला पाळक हा आहे, उद्यापासून माती द्यायचा अधिकार याचा, हे नाथाजींनी सांगायला हवं होतं. आपल्या जागी नवा माणूस आल्यावर जुन्या पाळकानं त्या मंडळीत बाप्तिस्मा देऊ नये, लग्न लावू नये, माती देऊ नये, ही रीत त्यांनी स्वतः दुसऱ्यांना शिकवली होती. पण मनगटावरची बोटं काटकीसारखी झाली होती.

"दिला," नाथाजी म्हणाले.

परत येताना ओढ्याच्या उताराला सिद्धूनं त्यांचा हात धरला, कारण तिन्हीसांजेला त्यांना पायाखालचं दिसत नसे.  मग म्हणाला, "अप्पा, एक सांगू? तुमी हितंच ऱ्हावा म्हणत्यात सगळी."

"कोण म्हणतं?"

"तुमाला सोडून सगळ्यांना ठाऊक हाय. खोलीला चुना दिलाय. ऱ्हावा. माझ्या मनात काय वाईट न्हाई." त्यानं नाथाजींना एका दगडावरून पलीकडं घेतलं. "पण मग मी जाईन."

"रागावलास?"

"न्हाई. माझ्या आज्यानं बापाच्या हाती मेंढरं दिली, तवा तो एक हंगाम दुसऱ्या गावाला जाऊन ऱ्हायला. मावशीकडं, तिकडं जमखंडीला. आजी लय भांडली. तो म्हणला, मी हितं नुसता खाकरलो तरी मेंढरं मान वळवत्यात. पोराची हाक त्येंच्या कानात बसणार कवा?"

"उपदेशात सांगणार वाटतं हे."

"न्हाई अप्पा. आज्याचं सांगितलं."

नाथाजी हसले, पण आतून त्यांना राग आला होता, आणि त्या रागाची त्यांना लाज वाटली. हा कालचा पोर आपल्याला जायला सांगतो. बरं, खोटं तरी कुठं सांगतो? आपल्याला राहायचं आहे, हे त्यांना त्या उतारावर पहिल्यांदा स्पष्ट कळलं. मिरजेच्या त्या खोलीत सकाळी उठून आपण कोण असणार, याचा विचार ते महिनाभर टाळत आले होते.

रविवारी देऊळ भरून बाहेर माणसं उभी होती. पुरुष डावीकडं, बायका उजवीकडं, सतरंज्यांवर. नाथाजींना धोतरजोडी आणि मनुबाईंना हिरवं लुगडं असा आहेर झाला. शेवंतीचा हार ज्योतिबा सुतारानं घातला. सिद्धू आणि सुला पुढच्या ओळीत बसले होते, पाहुण्यासारखे.

मग नानासो उठला. भावाकडं न पाहता त्यानं समोरच्या भिंतीकडं पाहत सांगितलं, "निरोप समारंभ म्हनून जमलोय खरं, पन निरोप द्यायचा कुनाला? आमी पंचांनी इचार केलाय. पाळकसाहेबांनी पाळकपन सोडलं, गाव सोडायला कुनी सांगितलंय? माझी मागची खोली त्येंची. नवीन पाळक नवीन कामं बघतील. अडीनडीला जुनं मानूस हाताशी असलेलं बरं. सगळ्यांचा होकार हाय का?"

"हाय, हाय," असा कल्लोळ झाला. बायकांच्या बाजूनं जास्तच. राहीबाई मान खाली घालून बसली होती, पण तिचं मन भरून आलं होतं. आपला हिशेब बरोबर जमत आला असं तिला वाटत होतं. बाळासो गेल्यापासून तिनं गोडाचं काही शिजवलं नव्हतं. कुणी तिला कपटी म्हटलं असतं तर तिला खरंच नवल वाटलं असतं. पोराला घरी आणायचं, एवढंच तर ती करत होती.

नाथाजी आभार मानायला उभे राहिले. व्यासपीठावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले.

"मी इथं आलो तेव्हा मला उपदेश करता येत नव्हता," ते म्हणाले. "घाम यायचा. कोंडीबा पुढं बसून मान डोलवायचा, म्हणून मी बोलत राहायचो. पुढं मानमोडीची साथ आली. एकेका दिवशी तीन-तीन जणांना माती दिली. मग माझी पोर गेली. तेव्हा माझ्या तोंडातून शब्द फुटेना. कोंडीबानं गीत धरलं आणि तुम्ही ते शेवटपर्यंत नेलंत. त्या दिवशी माझे पाळक तुम्ही होता. हे मी कधी बोललो नाही, आज सांगतो. देवानं मला दिलं ते तुमच्या हातांनी दिलं."

बायकांत हुंदके सुरू झाले. नाथाजींना समोरचे चेहरे दिसत नव्हते, नुसते रंग दिसत होते, पांढरा एकीकडं आणि हिरवा-तांबडा एकीकडं. पण ते बोलत राहिले. आभार मानायला लागलं की माणूस थांबत नाही. कुणाच्या घरी कढण प्यालो, कुणी रात्रीचं गाडीतून साताऱ्याला नेलं, कुणी देवळाच्या भिंतीला दगड वाहिले, सगळं निघालं.

"आणि तुमची मूठ," ते हसून म्हणाले. "स्वतःच्या लेकरांच्या तोंडचं काढून ठेवलंत. दुष्काळात चुकली नाही की साथीत चुकली नाही. आणि या शनिवारी तर काय सांगू. आमच्या हिनं झाकणावर पाटा ठेवून कणगी बंद केली. नव्या पाळकाच्या घरीसुद्धा अशीच..."

त्यांना वाटलं होतं बायका हसतील. कुणी हसलं नाही. हुंदकेही थांबले. डोळे गेले असले तरी मंडळी कधी आणि कशानं गप्प होते ते नाथाजींना कानानं कळत होतं. पुढच्या ओळीत सुलानं मान खाली घातलेली सिद्धूनं पाहिली आणि त्यानंही घातली.

"सिद्धूच्या घरी किती गाडगी गेली?" नाथाजींनी विचारलं.

  नानासो खाकरला. "त्याचं आता काय, अण्णा. मागनं बघू की."

तेव्हा बायकांच्या बाजूला मनुबाई उभ्या राहिल्या. हातात आहेराचं लुगडं तसंच घडीचं धरलेलं होतं. एवढ्या वर्षांत त्या देवळात गीत सोडून मोठ्यानं काही बोलल्या नव्हत्या.

"एकबी न्हाई गेलं," त्या म्हणाल्या. "सुला काल माझ्या दारात पीठ उसनं मागायला आली. मी दिलं. पण तुमाला सांगितलं न्हाई."

"का?"

"मला हितं ऱ्हायचं होतं म्हणून." त्या सुलाकडं वळल्या. "ह्या पोरीला आपण पाळकीणबाई म्हणायचं सोडून भिक्षेला लावलं. कुणा एकीचं नाव घेऊ नका, मी धरून सगळ्यांनी लावलं. नानाभावजी, तुमचा जीव लय मोठा. पण मला अजूनबी ऱ्हावंसंच वाटतंय, म्हणूनच सांगते, उद्या आमाला गाडीत घाला."

त्या खाली बसल्या आणि पदरात तोंड खुपसून रडल्या. नाथाजी उभेच होते. राहायचं की जायचं हे ते रात्रभर ठरवू शकले नव्हते, आणि बायकोनं ते चार वाक्यांत ठरवून टाकलं होतं. त्यांनी गळ्यातला हार काढला, चाचपडत पुढं येऊन सिद्धूच्या गळ्यात घातला आणि आशीर्वाद त्यालाच द्यायला सांगितला. सिद्धूनं तो इतक्या हळू दिला की मागच्यांना ऐकूच गेला नाही.

देवळाबाहेर राहीबाईनं दिराला गाठलं. आज पदर पुढं ओढलेला नव्हता.

"भाऊजी, तुमच्या एका सबदानं माझा पोरगा हितं ऱ्हायला असता. का बोलला न्हाई तुमी?"

"बोललो असतो तर तो माझा पुतण्या म्हणून पाळक झाला असता, राहीबाई. आणि जन्मभर त्याला कुणी सिद्धूसारखं उपाशीसुद्धा ठेवलं नसतं. त्याला काय कळलं असतं, लोकांनी आपल्याला घेतलं की चुलत्याला?"

"पोटचा असता तर असंच बोलला असता?"

 एवढं विचारून ती निघून गेली. दुपारी मात्र ती शाळेच्या खोलीकडं जाताना दिसली, डोक्यावर मोठं गाडगं घेऊन. सुलाच्या पुढ्यात ते तिनं दाणकन ठेवलं. "चाळून घे. खडं हायती," एवढंच म्हणाली आणि वळली.

सोमवारी उजाडता उजाडता कोंडीबा गेला.

नानासो बैलगाडी घेऊन आला तो ट्रंका चढवायला आणि ही बातमी द्यायला एकदमच. गाडी तशीच दारात उभी राहिली आणि नाथाजी-मनुबाई कोंडीबाकडं गेले. घरात माणसं दाटली होती. दगडाबाई उशाशी बसली होती. ती रडत नव्हती.

"आलासा?" ती म्हणाली. "आता सबूद पाळा."

सिद्धू अंगणात उभा होता. सगळ्यांचं लक्ष नाथाजींकडं लागलं होतं. एक माती दिली तर काय बिघडणार होतं? मरणाऱ्याला दिलेला शब्द होता. पण आज ही माती दिली की उद्या कुणाच्या नातवाचा बाप्तिस्मा, परवा कुणाचं लग्न, मिरज कितीशी लांब, सकाळी बसलं की दुपारी खडकवाडीत. लोक बोलवत राहतील आणि आपण येत राहू, हे नाथाजींना पक्कं ठाऊक होतं, कारण येण्यासाठी त्यांचा जीव आत्ताच तडफडत होता.

"दगडाबाई," ते म्हणाले, "मी शब्द द्यायला नको होता. माती पाळक देतील. मी तुमच्याबरोबर बसतो."

"त्यो कोन आमचा?" दगडाबाईनं दाराकडं हात केला. "त्येला ह्येंचं काय ठाव? तीस वर्सं एका ताटात जेवलासा दोघं, आन् आज ह्येंना परक्याच्या हाती देतासा?"

"देतो," नाथाजी म्हणाले. 

"मग बसा तितं," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

सिद्धू अंगणातून निघून गेला. लोकांना वाटलं, पोरगं दुखावलं, गेलं. पण थोड्या वेळानं नानासो खड्डा कुठवर आला ते पाहायला गेला तर सिद्धू कमरेइतका खाली उतरून पहार मारत होता. तिथली जमीन म्हणजे हातभर मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली खडक. खणणारे दोघं दमून बाजूला बसले होते. "आमच्याकडं सगळं असंच हाय," एवढं म्हणून तो परत पहार मारायला लागला.  नानासोनं सदरा काढून झाडाला अडकवला आणि फावडं घेऊन तोही खाली उतरला.

देवळात कोंडीबाची शवपेटी आणली तेव्हा नाथाजी दारातच अडखळले. बसायचं कुठं, ते त्यांना कळेना. पाय आपोआप पुढं निघाले होते. ज्योतिबा सुतारानं सतरंजीवर सरकून जागा केली आणि त्यांना खाली बसवलं. आजपर्यंत त्यांनी मंडळीची तोंडं पाहिली होती. आज पुढं नुसत्या पाठी होत्या, घामेजलेल्या सदऱ्यांच्या आणि ओल्या केसांच्या.

सिद्धू पुढं उभा राहिला. धोतराला गुडघ्यापर्यंत मुरूम लागलेला, हाताला चिंधी गुंडाळलेली. तो वाचताना अडखळला. प्रार्थनेत एके ठिकाणी पुढचं सुचेना म्हणून थांबला, आणि ते शब्द नाथाजींच्या ओठांवर आले. पाठ होते, तीस वर्षांचे होते. त्यांनी ओठ दाबून धरले.  मग सिद्धू प्रार्थना सोडून बोलला, "देवा, ह्यो माणूस मला नीट ठाऊक न्हाई. आठ दिसांची वळख. रोज येऊन बसत होतो, तो मला एक चाल शिकवत होता. अर्धीच झाली." आणि त्यानं कोंडीबाचं गीत धरलं. चाल खरंच अर्धवट होती, दुसऱ्या कडव्याला तो चुकला. पण तोवर मंडळीनं गीत उचललं होतं. बायकांच्या बाजूनं दगडाबाईचा हंबरडा ऐकू आला. सकाळपासून ती पहिल्यांदा रडत होती.

मातीला सगळं गाव गेलं. एकेकानं मूठमूठ माती टाकली, नाथाजींनीही टाकली. खड्डा भरला, वर दगड रचले, आणि माणसं हळूहळू फाटकाकडं वळली. गाडीची वेळ होत आली होती. निरोपाला म्हणून पोरांनी ठरवलेली हलगी कुणाच्या लक्षातही राहिली नव्हती.

नाथाजी आणि मनुबाई फाटकाशी थांबले होते. नाथाजींच्या मनात दगडाबाईचं मघाचं फिरवलेलं तोंड होतं. ते तसंच घेऊन जायची त्यांची तयारी नव्हती. ती आली की माफी मागायची, असं त्यांनी ठरवलं होतं. दोन बायकांच्या आधारानं ती फाटकापर्यंत आली आणि थांबली.

"पाळकसाहेब," तिनं हाक मारली.

नाथाजींचा जीव भांड्यात पडला. "आलो, दगडाबाई," म्हणत ते एक पाऊल पुढं झाले.

पण ती त्यांच्या खांद्यावरून मागं पाहत होती. सिद्धू हातातली पहार धुवायला हौदाकडं निघाला होता, तो वळला.

"पाळकसाहेब, सांजच्याला घरी येऊन प्रार्थना करचाल न्हवं? मला एकटीला आत जाववनार न्हाई."

"येतो, अव्वा," सिद्धू म्हणाला. "सुलालाबी आणतो. ती तुमच्याकडं ऱ्हाईल."

ती दोघं बोलत पुढं गेली. त्यांच्यामागं बायका गेल्या, पुरुष गेले. नाथाजी पुढं टाकलेलं ते पाऊल मागं घ्यायचं विसरून उभे होते. चारचौघांत मनुबाईंनी कधी नवऱ्याला हात लावला नव्हता. आता त्यांनी त्यांचा दंड धरला.

"तुमाला न्हाई मारली हाक," त्या हळूच म्हणाल्या. "चला. गाडी चुकंल."